दुसरं घर कर्जावर घेऊन भाड्याने द्यायचंय? आधी रिकाम्या महिन्यांचा हिशेब करा

प्रश्न थोडक्यात असा: एक घर भाड्याने दिलेलं आहे, त्याचं कर्ज जवळजवळ फिटलंय, नोकरी चालू आहे. ते घर तारण ठेवून दुसरं घ्यावं का? आणि नोकरी करून दोन-तीन घरं सांभाळता येतात का?

सांभाळता येतात. मी बावीस वर्षं हेच करतेय, त्यातली पहिली अकरा नोकरी करून. आज पाच घरं आहेत. आजवर एकूण सात घेतली, आणि विकलेल्या दोनांपैकी एक मी मनाविरुद्ध विकलं. ती गोष्ट तुमच्या पहिल्या प्रश्नाशीच जोडलेली आहे, म्हणून पुढे सविस्तर सांगते.

घराचे भाव पडले म्हणून छोटा घरमालक बुडाला असं मी फारसं पाहिलेलं नाही. भाव पडले तर विकायचं नाही, थांबायचं. पण हप्त्याची तारीख थांबत नाही. माणूस अडकतो तो घर रिकामं पडल्यावर, त्याच महिन्यात गळती निघाल्यावर, आणि खात्यात एक हप्ता भरण्यापुरतेच पैसे असल्यावर. म्हणून कर्ज किती घ्यायचं हे चांगल्या महिन्याकडे बघून ठरवू नका, वाईट महिन्याकडे बघून ठरवा.

हिशेब मांडू. घराची किंमत १०० धरा, चलन कुठलंही घ्या, प्रमाण तेच राहतं. वर्षाचं भाडं ९ येतं असं समजू. बरेच जण इथेच पेन खाली ठेवतात आणि नऊ टक्के परतावा म्हणून खूश होतात. आता वजा करत जाऊ. वर्षातला एक महिना घर रिकामं राहिलं, ०.७५ गेले. मालमत्ता कर, इमारतीचा देखभाल खर्च आणि विमा मिळून १.१. वर्षभराची डागडुजी ०.९. रंग, वॉटरप्रूफिंग, गीझर असले काही वर्षांनी एकदम अंगावर येणारे खर्च, त्यांच्यासाठी बाजूला ०.४५. दलाली, करारनामा आणि किरकोळ ०.२. हातात उरले ५.६. हे खरं उत्पन्न, आणि अजून आयकर धरलेलाच नाही. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण भाड्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त रक्कम वाटेतच जिरते हे धरूनच चाला.

आता कर्ज. ८ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. १०० कर्जाला वर्षाचे हप्ते साधारण १०.०४ होतात. किमतीच्या ७५ टक्के कर्ज घेतलंत तर वर्षाला ७.५३ भरायचे आणि घर देणार ५.६. उरलेले १.९३ दरवर्षी पगारातून घालायचे. ५० टक्के घेतलंत तर हप्ते ५.०२, वर्षाला ०.५८ शिल्लक. तोंडमिळवणी झाली, पण जेमतेम. भाड्याच्या उत्पन्नावर कर्ज देणारे बरेच सावकार, म्हणजे बँका आणि वित्तसंस्था, हे उत्पन्न हप्त्याच्या सव्वापट तरी असावं असं बघतात. या उदाहरणात सव्वापट हवी असेल तर कर्ज ४४-४५ च्या वर जात नाही. सावकाराने ही अट घातली नाही तरी मी स्वतःला घालते. तुमचा पगार बघून तो ७५ देईलही. त्याला त्याचा हप्ता मिळण्याशी काम, तो घरातून येतो की तुमच्या खिशातून याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. घर ५.६ टक्के कमावतंय आणि कर्ज ८ टक्क्यांनी घेतलंय. म्हणजे उसना घेतलेला प्रत्येक पैसा कमावतो त्यापेक्षा जास्त खातो. स्वतःचे ५० घातलेत, पहिल्या वर्षी रोख ०.५८ हातात आले, फिटलेलं मुद्दल १.०६ तेही कमाईत धरलं, तरी एकूण १.६४, म्हणजे ५० वर ३.३ टक्के. कर्ज न काढता घेतलं असतं तर ५.६ टक्के. ‘कर्जाने परतावा वाढतो’ हे वाक्य घराचं उत्पन्न व्याजदरापेक्षा जास्त असेल तरच खरं. नाहीतर तुम्ही भाव वाढतील यावर पैसे लावताय. तसं करू नये असं नाही, मीही केलंय. फक्त आपण भाववाढीवर डाव लावलाय हे स्वतःला स्पष्ट सांगायचं, आणि तो डाव किती वर्षं पगारातून पोसता येईल ते कागदावर लिहायचं.

हप्त्यातलं मुद्दल किती हळू फिटतं हेही बघून ठेवा. ८ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जात पाच वर्षं इमानेइतबारे हप्ते भरल्यावर १०० पैकी ८७.५ शिल्लक असतात. दहा वर्षांनी, म्हणजे अर्धी मुदत संपल्यावर, ६९. ‘पाच वर्षांनी विकून मोकळे होऊ’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा. खरेदीचा खर्च, विक्रीचा खर्च आणि वरून हे व्याज.

व्याजदर बदलता असेल तर आणखी सावध. दर वाढला की काही सावकार हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात आणि घेणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही. वरच्याच कर्जाचा दर सुरुवातीलाच ८ चा ९ झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २० वर्षांची मुदत सव्वापंचवीस वर्षांवर जाते. १० झाला तर छप्पन्न वर्षांवर. टायपिंगची चूक नाही, छप्पन्नच. हप्ता आणि नुसतं व्याज जवळजवळ सारखेच होतात, मुद्दलाला काही उरत नाही. तिथवर कोणी जाऊ देत नाही, मधेच हप्ता वाढवतात. या उदाहरणात २० वर्षांत फेडायचं तर तो सुमारे १५ टक्के वाढेल. भाडं त्याच वर्षी १५ टक्के वाढवून भाडेकरू राहील का? नाही राहत. म्हणून कर्ज घेण्यापूर्वी दोन टक्के जास्त दराने हप्ता काढून बघा, आणि तोही झेपत असेल तरच पुढे जा. अमेरिकेत तीस वर्षांचं स्थिर दराचं कर्ज सर्रास मिळतं, त्यामुळे तिकडच्या लोकांचे सल्ले वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा. त्यांचा हप्ता तीस वर्षं हलत नाही. जगात बहुतेक ठिकाणी ही चैन नाही. आणि तिथेही सुरुवातीला कमी आणि नंतर वाढणाऱ्या दराची कर्जं घेतलेल्यांचं २००७-०८ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता पहिलं घर तारण ठेवण्याबद्दल. माझ्या नोकरीच्या सातव्या वर्षी मी तेच केलं. पहिल्या घरावर कर्ज काढून दुसऱ्याची सुरुवातीची रक्कम भरली, आणि दुसऱ्याचं मोठं कर्जही त्याच संस्थेकडून घेतलं, कारण कागदपत्रं तयारच होती आणि तिथला माणूस म्हणाला एकाच ठिकाणी बरं पडतं. कागदपत्रांच्या गठ्ठ्यात एक कलम होतं: दोन्ही घरं दोन्ही कर्जांना तारण. मी वाचलं नाही. खोटं कशाला बोलू, सही करताना मी घड्याळाकडे बघत होते.

दोन वर्षांनी दुसऱ्या घरातला भाडेकरू बदली होऊन गेला. नेमकं तेव्हाच खालच्या घराच्या मालकाने आमच्या न्हाणीघराखाली त्याच्या छतावर ओल आल्याचं कळवलं. फरशी उखडावी लागली, काम लांबलं, घर चार महिने रिकामं. मी हप्ते नोकरीतून ओढले, मग उसने घेऊन ओढले, आणि शेवटी पहिलं घर विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकही मिळालं. त्यावरचं कर्ज लहानसंच होतं, ते फेडून बऱ्यापैकी रक्कम हातात येईल असा माझा अंदाज. पण दोन्ही घरं दोन्ही कर्जांना बांधलेली. पहिलं घर सोडवायला सावकाराने विक्रीतली बहुतेक रक्कम दुसऱ्या कर्जात वळती करून घेतली. कलमाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. माझ्याकडे आलं ते उसने फेडण्यापुरतं. चांगलं, विनाकटकटीचं, नेहमी भरलेलं घर गेलं आणि ओल येणारं राहिलं.

तेव्हा पहिलं घर तारण ठेवायला माझी ना नाही, पण दोन्ही कर्जांची गाठ बसू देऊ नका. पहिल्या घरावरचं कर्ज एका सावकाराकडून, दुसऱ्या घराचं दुसऱ्याकडून. कागदपत्रं दोनदा करावी लागतील, दोन ठिकाणी शुल्क जाईल. जाऊ द्या. पहिल्या घरावर काढायचं तेही त्याच्या भाड्यातून त्याचे हप्ते भागतील एवढंच. आणि सही करण्यापूर्वी सावकाराला चार गोष्टी विचारून उत्तर लेखी घ्या: या कर्जाला आणखी काय तारण धरलंय, एक घर विकलं तर ते सोडवायची अट काय, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, आणि मालमत्तेचं फेरमूल्यांकन करून जादा तारण मागायचा अधिकार त्याच्याकडे आहे का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा जरा थबकतो असा माझा अनुभव आहे.

जाता जाता: स्वतः राहायच्या घराला बऱ्याच ठिकाणी व्याज थोडं कमी असतं, म्हणून अर्जात ‘स्वतः राहणार’ असं लिहून टाका असा सल्ला दलाल हमखास देतात. लिहू नका. ती खोटी माहिती ठरते, पुढे सगळं कर्ज एकदम परत मागितलं जाऊ शकतं, आणि घरात भाडेकरू असताना विम्याचा दावा आला की तिथेही हेच निघतं. विमा घेताना घर भाड्याने आहे हे स्पष्ट लिहा. आग किंवा पाण्यामुळे घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेलं भाडं भरून देणारी तरतूद मिळत असेल तर घ्या.

राखीव रोकड. प्रत्येक घरामागे सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च, लगेच काढता येतील अशा ठिकाणी. घरं चार-पाच झाली की प्रत्येकामागे चार महिन्यांचं पुरतं, कारण सगळी एकदम रिकामी होत नाहीत. दोन घरांच्या मालकाला मात्र एक रिकामं म्हणजे निम्मं उत्पन्न बंद. सहा महिने जास्त वाटत असतील तर २०२० आठवा. कोविडच्या काळात अनेक देशांनी भाडेकरूंना बाहेर काढण्यावर बंदी घातली. अमेरिकेत सप्टेंबर २०२० मध्ये आलेला तसा केंद्रीय आदेश सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०२१ ला थांबवला, म्हणजे जवळपास वर्षभर. भाडेकरूंना त्याची गरज होती, त्याबद्दल वाद नाही. पण भाडं थकलं म्हणून प्रत्येक सावकाराने हप्ता सोडून दिला नाही.

कायदा आणि कर हा तुमच्या हातात नसलेला भाग. ब्रिटनमध्ये वैयक्तिक घरमालकांना कर्जाचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून पूर्ण वजा करता यायचं. २०१५ च्या कायद्याने ते बदललं, २०१७ ते २०२० अशा टप्प्यांत वजावट काढून त्याजागी २० टक्क्यांची करसवलत आली. वरच्या करपट्टीतले, मोठी कर्जं काढून बसलेले लोक हातात नफा नसताना कर भरू लागले. बर्लिनने २०२० मध्ये भाडी गोठवली, आणि २०२१ मध्ये जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्दबातल ठरवला, तेव्हा भाडेकरूंवर फरक परत द्यायची वेळ आली. तुमच्याकडे यातलं काय होईल कोणी सांगू शकत नाही. मी एवढंच करते: आजच्या करसवलती काढून टाकल्या तर हे घर स्वतःच्या पायावर उभं राहील का, हा हिशेब एकदा करून बघते. नाही राहिलं तर कर्ज कमी करते.

आता सांभाळण्याचं. तुम्हाला नोकरी आहे, म्हणजे यातलं निम्मं यश भाडेकरू निवडण्यातच आहे. भाड्याच्या साधारण तिप्पट उत्पन्न आहे का ते बघा, कामाच्या ठिकाणी फोन करून खात्री करा, आणि त्याच्या आधीच्या घरमालकाशी बोला. आत्ताच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. आत्ताचा मालक नको असलेल्या भाडेकरूचं कौतुकच करणार. आधीच्याला लपवायला काही कारण नसतं. मी एकच प्रश्न विचारते: तुम्ही त्यांना पुन्हा घर द्याल का? ‘हो’ पटकन आलं तर पुढचं काही विचारत नाही.

चांगला भाडेकरू मिळाला की त्याला टिकवणं भाडं वाढवण्यापेक्षा फायद्याचं. साधं गणित आहे. भाडं पाच टक्के वाढवलंत, भाडेकरू निघून गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं, तर तो बुडालेला महिना त्या वाढीतून भरून यायला वीस महिने लागतात. रंग आणि दलाली वेगळी. माझ्या एका घरात एक कुटुंब नऊ वर्षं राहिलं. मी त्यांचं भाडं बाजारापेक्षा थोडं खालीच ठेवलं होतं, आणि माझी मैत्रीण त्यावरून मला मूर्ख म्हणायची. त्या नऊ वर्षांत त्या घरासाठी मला रजा घ्यावी लागली ती दोनदा.

घर देताना मोबाइलवर सगळ्या खोल्यांचं चित्रीकरण करा: नळ सुरू करून, खिडक्या उघडून-मिटून, मीटरचे आकडे वाचून दाखवत, किल्ल्या मोजत. भाडेकरूला बरोबर घ्या आणि तेच चित्रीकरण त्यालाही पाठवा. अनामत रक्कम खर्च करू नका, ती तुमची नाही. वेगळ्या खात्यात ठेवा. घर सोडताना होणारी बहुतेक भांडणं या दोन गोष्टींनी टळतात. भाडं उशिरा आलं तर तिसऱ्या दिवशी साधा, न रागावता फोन. वीस दिवस गप्प राहून मग चिडणारा घरमालक स्वतःच सवय लावत असतो.

डागडुजीवर मला जरा जास्त बोलायचंय, कारण पैसे इथेच गळतात, अक्षरशः. एकदा भाडेकरू बाईंनी संध्याकाळी फोन केला, स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटात थोडी ओल दिसतेय. थोडीच म्हणाल्या म्हणून मी पुढच्या महिन्यावर टाकलं. मग आणखी एका महिन्यावर. गेले तेव्हा कपाटाचं प्लाय फुगून पापुद्रे सुटले होते, दाराची बिजागरी लाकडासकट निघून आली होती आणि भिंतीचा रंग कमरेपर्यंत फुगला होता. प्लंबरने नळाला जोडलेली लवचिक नळी काढली आणि आतलं रबरी वॉशर माझ्या तळहातावर ठेवलं. कडक झालेलं, एका बाजूला चिरलेलं, नखाएवढं. नवं घालायला त्याला पाच मिनिटं लागली. कपाट, भिंत आणि खालच्या घराचं छत यांचा खर्च मात्र दोन महिन्यांच्या भाड्याएवढा झाला.

तेव्हापासून नियम असा: भाडेकरू बदलला की सिंक, बेसिन, कमोड आणि गीझरच्या सगळ्या लवचिक नळ्या नव्या. जुनी चांगली दिसत असली तरी. आणि पाण्याची तक्रार आली की दोन दिवसांत माणूस पाठवायचा, मग ती कितीही ‘थोडी’ असो. दाराचा रंग, कडीचा आवाज, हे थांबू शकतं. पाणी आणि वीज थांबू शकत नाही. भाडेकरूलाही सांगून ठेवा की ओल दिसली तर लगेच कळवा, तुमच्यावर खापर फुटणार नाही. पैसे कापले जातील या भीतीने लोक सांगतच नाहीत.

मोठ्या खर्चांसाठी प्रत्येक घराचा एक कागद करा. रंग, गीझर, पंप, वॉटरप्रूफिंग, प्रत्येकाची किंमत भागिले साधारण आयुष्याचे महिने, आणि तेवढी रक्कम भाडं आल्याबरोबर बाजूला. घरांचं बँक खातं तुमच्या घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवा. मी सुरुवातीला एकत्र ठेवलं होतं आणि दोन वर्षं मला वाटत होतं आपण कमावतोय.

व्यवस्थापक नेमायचा का? घर दूर असेल तर हो, आणि त्याचा मोबदला पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. बऱ्याच ठिकाणी तो भाड्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. वरच्या उदाहरणात धरला तर ५.६ चे ४.७ होतात, आणि मग ४५ चं कर्जही जड जातं. घर तासाभराच्या अंतरात असेल तर पहिली काही वर्षं स्वतः करा. कुठला प्लंबर वेळेवर येतो, कुठल्या कामाला खरंच किती लागतात, हे कळल्याशिवाय व्यवस्थापकाचं बिल तपासता येत नाही. दुसऱ्या घरापर्यंत नोकरीला धक्का लागत नाही. तिसऱ्यापासून महिन्यातला एक शनिवार जातो.

तुमच्या जागी मी असते तर आत्ता सावकाराकडे गेलेच नसते. मनातल्या दुसऱ्या घराचा हप्ता दोन टक्के जास्त दराने काढला असता, त्यातून त्या घराचं खरं उत्पन्न वजा केलं असतं, आणि जी तूट उरेल ती पुढचे सहा महिने दर पहिल्या तारखेला वेगळ्या खात्यात टाकली असती. मधल्या दोन महिन्यांत घर रिकामं आहे असं समजून पूर्ण हप्ता टाकला असता. घरच्यांना आधी सांगून. सहाच्या सहा महिने ते पैसे परत काढावे लागले नाहीत, तर राखीव रोकडीची सुरुवात आयतीच झालेली असते, आणि सातव्या महिन्यात घरं बघायला निघायला हरकत नाही.